गादीवरून उठलेल्या काकी

गादीकाकींना विनोद सांगता यायचा नाही. विनोद त्यांना पुष्कळ ठाऊक होते, पण सांगायला सुरुवात केली की पहिल्याच वाक्याला त्यांना शेवट आठवायचा आणि हसू फुटायचं. ते हसू पोटातून निघायचं, खांद्यांत यायचं, तिथून गादीत उतरायचं आणि गादीवर रचलेले ब्लाउजपीसचे गठ्ठे एकामागून एक घसरायला लागायचे. समोरची गिऱ्हाइकं विनोद न ऐकताच हसत सुटायची. त्यांचा एक आवडता विनोद नवरदेव, म्हैस आणि फोटोवाला यांचा होता. मी तो ऐकायला कितीदा तरी बसले, पण म्हशीचं पुढे काय झालं ते मला आजही माहीत नाही.

कारंज्याच्या बाजारात, जैन मंदिराकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कापडाचं दुकान. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा सुदेश आणि सून प्रीती माल काढायचे, मापायचे, घड्या घालायचे आणि काकी पांढऱ्या गादीवर बसून राज्य चालवायच्या. सकाळी त्यांना बसवायला दोघं लागायची आणि संध्याकाळी उठवायलाही. मधल्या वेळात त्या हलायच्या नाहीत, पण कोणत्या फळीवर कोणता तागा आहे, मोरपंखी रंगाचं शेवटचं पातळ कोणी उलटं ठेवलं, हे सगळं बसल्या जागेवरून सांगायच्या. लोकांनी नाव ठेवलं गादीकाकी. त्यांना ते आवडायचं. म्हणायच्या, "लोक गादीसाठी कोर्टात जातात. मले फुकट भेटली."

मी मूळची रिसोड तालुक्यातल्या रिठदची. कारंज्याच्या शाळेत नोकरी लागली आणि त्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. गावात शिक्षिकेला मॅडम म्हणतात आणि काकींच्या तोंडात बाई बसलेलं, म्हणून त्यांनी दोन्ही जोडून मला मॅडमबाई करून टाकलं. पहिल्याच दिवशी मला विचारलं, की वर गच्चीतून काय काय दिसतं. मला वाटलं परीक्षा घेताहेत. नंतर कळलं की त्यांना खरंच माहीत नव्हतं. गुडघ्यांमुळे कित्येक वर्षांत त्या जिना चढल्या नव्हत्या. "आपलंच घर," म्हणाल्या, "पन वरचा मजला मले ऐकून माहीत हाय."

वजनावर दुसऱ्या कोणी बोलायच्या आत त्या स्वतःच बोलून घ्यायच्या. ऑटोत बसल्या की ऑटोवाल्याला सांगायच्या, आता दुसरं गिऱ्हाईक पाहू नको, भरली. दवाखान्यातल्या काट्याबद्दल त्यांचं म्हणणं होतं, "तो काटा एक गरका मारून परत शून्यावर येते. मी डॉक्टरले म्हनतो, लिहा मंग शून्य."

पण गुडघे काही गंमत करत नव्हते. शेवटी सुदेश त्यांना अकोल्याच्या हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की आधी वजन उतरवा, मग गुडघ्यांचं बघू. काकींनी दलियाचा प्रयोग केला. प्रयोग प्रामाणिक होता, फक्त दलिया त्या नेहमीच्या जेवणाच्या आधी खायच्या. मग सुदेशने पोटाची पिशवी लहान करायच्या ऑपरेशनची माहिती काढली. साऱ्या नातेवाइकांनी त्याला वेड्यात काढलं. साठी उलटलेल्या बाईला नागपूरला नेऊन पोट कापायचं, तेही बारीक व्हायला, हे कोणालाच पटेना. सुदेश मागे हटला नाही. तो मितभाषी माणूस, पण त्या महिन्यात जो येईल त्याच्याशी तो वाद घालत होता.

काकींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि हो म्हटलं. मला मात्र एकटीला म्हणाल्या, "लोक म्हनतात, इतक्या उशिरा कायले? अवं, उशीर झाला म्हनूनच तं घाई हाय."

ऑपरेशन नीट झालं. नागपूरहून आल्या तेव्हा सोबत खाण्याचे नियम घेऊन आल्या. दिवसातून सहा वेळा वाटीभर खायचं, प्रत्येक घास पीठ होईपर्यंत चावायचा, जेवताना पाणी नाही, जेवल्यावर लगेच पाणी नाही. त्यांचं जैनांचं घर, सूर्य मावळल्यावर कोणी जेवत नाही. म्हणजे सहा जेवणं दिवसाउजेडी बसवायची आणि मधल्या फटींत पाणी. काकींचा दिवस म्हणजे नुसती धावपळ झाली. मुगाच्या डाळीचं पाणी संपेस्तोवर ताकाची वेळ व्हायची. "डॉक्टरचं अन् सूर्याचं जमत नाही," त्या म्हणायच्या, "अन् मधात मी सापडली."

वजन उतरायला लागलं ते असं, की प्रीती आज झंपर आत घ्यायची आणि पुढच्या पंधरवड्यात पुन्हा उसवून बसायची. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. एकदा इंझोरीची एक बाई लेकीच्या लग्नाचा कपडा घ्यायला आली. तिने काकींकडे पाहिलं, दुकानभर पाहिलं आणि काकींनाच विचारलं, गादीकाकी कुठे गेल्या? काकींनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "अर्ध्या गेल्या. उरल्या त्या मी." ती बाई पदर तोंडाला लावून रडायच्या बेतात आली, तेव्हा प्रीतीने तिला खरं सांगितलं. तिने आधी काकींच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग लग्नाचा सगळा कपडा आमच्याकडूनच घेतला. आमच्याकडून म्हणतेय मी. इतकी मी त्या दुकानाची झाले होते.

गुडघे हलके झाले. हाडांचे डॉक्टर म्हणाले, सध्या राहू द्या, चालताय तेवढं चाला. आणि आता सगळं छान होणार असं आम्ही धरून चाललो असतानाच पोटात दुखायला लागलं.

डाव्या बरगडीच्या खाली दुखायचं. ओलं पातळ पिळताना दोघी दोन टोकं धरतात तसं आत कोणीतरी पिळतं, असं काकी सांगायच्या. जेवल्यावर दुखायचं, कधी न जेवताही दुखायचं, गाडीत बसलं की दुखायचं. सोनोग्राफी झाली, दुर्बीण घातली, पुन्हा नागपूर झालं. सगळं जागच्या जागी होतं. काही डॉक्टर म्हणाले गॅस, एक म्हणाले मनाचं. शेवटी एक वयस्क बाई डॉक्टर भेटल्या. त्या म्हणाल्या, कारण सापडत नाही याचा अर्थ तुम्हाला दुखत नाही असा होत नाही. आतल्या नसा दुखावल्या असतील. गोळ्यांनी थोडं कमी होईल, पण हे राहील असं धरून चला. काकींना त्या डॉक्टर फार आवडल्या. पहिल्यांदा कोणीतरी विश्वास ठेवला होता. गोळ्यांनी मात्र अशी झोप यायची की एकदा मीटरपट्टी हातात धरून त्या गिऱ्हाइकासमोर घोरायला लागल्या. गिऱ्हाईक बिचारं कापडाचं दुसरं टोक धरून उभं राहिलं.

सगळ्यात वाईट हे की हसलं की दुखायचं. शिंक, खोकला टाळता येत नाही, पण हसू टाळता येतं, असं कोणीतरी त्यांना सांगितलं आणि काकींनी न हसायचं ठरवलं. तो आठवडा दुकानात सुतकासारखा गेला. काकी ओठ आवळून बसायच्या. गिऱ्हाइकं हळू आवाजात बोलायची आणि न घेता जायची. सुदेश प्रीतीला विचारायचा, आई रागावली का. मग एके दिवशी एक माणूस बायकोसाठी पातळ घ्यायला आला आणि बायकोला कोणता रंग आवडतो हे विचारायला त्याने फोन लावला तो चुकून सासूला. काकींचा बांध फुटला. दुखलं म्हणून कळवळल्या, कळवळताना पुन्हा हसल्या आणि समोरची कपड्यांची घडी उचलून पोटाशी दाबली. दाबल्यावर बरं वाटलं. दुसऱ्याच दिवशी प्रीतीने कटपीसची एक चौकोनी उशी शिवली आणि त्यात कारंज्याचा चांगला कापूस ठासून भरला. काकी ती काखेत घेऊन हिंडायला लागल्या. हसू येतंय असं दिसलं की उशी पोटाशी यायची. ती उशी हलली की गल्लीतली पोरं आधीच हसायला लागायची.

माझ्या वर्गातल्या दोन मुली काकींकडे यायच्या. त्यांनी सुचवलं की या दुखण्याला काहीतरी नाव ठेवू, म्हणजे त्याच्याशी बोलता येईल. काकींनी साफ नकार दिला. म्हणाल्या, "नाव ठेवलं की राशनकार्डात चढवा लागते."

त्या वर्षीच्या पर्युषणातली गोष्ट. उपवासाच्या बाबतीत काकींची कीर्ती अशी होती की आदल्या दिवशी उपवास धरायचा ठरवायच्या आणि सकाळच्या पोह्यांपर्यंत विसरायच्या. त्या आता निम्म्या झालेल्या, शांत चेहऱ्याने, हळू पावलं टाकत मंदिरात आल्या. हळू यासाठी की दुखत होतं. बाहेरगावाहून आलेल्या काही बायकांना वाटलं, ही कोणी मोठी तपस्विनी. एकीने वाकून पायांना हात लावला. तिचं पाहून दुसरीने लावला. मग रांगच लागली. काकी मला डोळ्यांनी खुणावत होत्या आणि मी खांबाआड गेले होते, कारण मला हसू आवरत नव्हतं. शेवटी एक बाई त्यांना हार घालायच्या गोष्टी करायला लागली, तेव्हा त्यांनी हात जोडून सांगितलं, "बाई, हे तप नव्हे. हे टाके हायेत." बायकांना तेही नम्रतेचंच बोलणं वाटलं. दोघींनी पुन्हा नमस्कार केला.

आता हे सगळं वाचून काकी दुखणं हसण्यावारी नेत होत्या असं वाटेल. तसं नव्हतं. काही दिवस त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. अशा दिवशी विनोद नसायचा, बोलणं नसायचं. गरम पाण्याची पिशवी गार झाली की हात मागे करून नुसती द्यायच्या. मी किंवा प्रीती ती भरून आणायची. फक्त सुदेशच्या पावलांचा आवाज आला की त्या उठून बसायच्या, केसांवरून हात फिरवायच्या आणि त्याने विचारलं तर सांगायच्या, आता काही नाही, गेलं ते. त्याने विश्वास ठेवला. त्याला विश्वास ठेवायचाच होता. दुकानात तो लोकांना आईचं ऑपरेशन कसं यशस्वी झालं ते सांगायचा, आणि त्या वेळी काकी ताठ बसायच्या.

फेब्रुवारी संपत आला होता. दुकान बंद असायचा तो दिवस होता आणि सुदेश माल आणायला अकोल्याला गेला होता. दुपारी काकी जिन्याखाली येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आज चढायचं. प्रीती नको म्हणाली, मीही म्हणाले. काकींनी उशी काखेत मारली आणि कठडा धरला. पुढे प्रीती, मागे मी. त्या पडल्याच तर मी मागून काय करणार होते कोण जाणे. दर दोन पायऱ्यांनी उशी पोटाशी धरून थांबायचं आणि पुन्हा चढायचं. माझ्या खोलीच्या दारापाशी आल्यावर मला वाटलं झालं, पण त्या आत डोकावल्या, माझा पसारा पाहिला, पुढच्या वेळी आवरून ठेव म्हणाल्या आणि गच्चीच्या जिन्याला लागल्या.

गच्चीत पोचल्यावर त्या कठड्यापाशी गेल्या. मंदिराचं शिखर, पलीकडची चिंच, पाण्याच्या टाक्या, सगळं पाहून घेतलं. मग पलीकडच्या गच्चीत त्यांना शेजारच्या शोभाताई दिसल्या, अंगण भरून जाईल एवढ्या मुगवड्या वाळत घालताना. काकी कठड्याला टेकून ओरडल्या, "काय वं शोभा, यंदा वड्या केल्याच नाही म्हनत होती नं तू?" शोभाताईंनी दचकून वर पाहिलं. गादीकाकी आभाळात दिसतील असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. त्यांच्या हातातलं ताट खाली पडलं. मग काकींना थांबवणारं कोणी उरलं नाही. कोणाच्या गच्चीत कोणाचं काय वाळतंय, कोणाच्या टाकीला झाकण नाही, हे त्या मोठमोठ्याने सांगत सुटल्या. चार गच्च्यांवर माणसं गोळा झाली, हात हलवायला लागली. प्रीती हसून हसून खाली बसली.

आणि तेवढ्यात तो पीळ आला. काकींनी उशी दाबली, पण तो जाईना. त्या गच्चीत अंथरलेल्या चटईवर कुशीला झाल्या, गुडघे पोटाशी घेतले. खाली उतरणं शक्यच नव्हतं. प्रीती पिशवी भरून आणायला धावली. अशातच सुदेश अकोल्याहून परतला, खाली आई सापडेना म्हणून हाका मारत वर आला आणि त्याने तिला तसं पाहिलं. या वेळी उठून बसायला, केसांवर हात फिरवायला काकींना जमलं नाही.

तो चटईजवळ आला. मग म्हणाला, "तू तं म्हनत होती, आता दुखत नाही."

"ते तुह्यासाठी होतं," काकी म्हणाल्या.

सुदेश खाली बसला. सगळे नको म्हणत असताना मीच नेलं तुला, असं तो जमिनीकडे पाहत पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. काकींनी त्याला थोडा वेळ म्हणू दिलं.

मग म्हणाल्या, "तू नेलं खरं. पन गाडीत मी बसली. तवा तुह्यानं मी उचलली तरी जात होती काय?"

प्रीती दारात पिशवी घेऊन उभी होती. तिला हसू आलं आणि त्याच श्वासात रडूही. सुदेश मात्र हसला नाही. त्याने विचारलं, "चुकलं काय मंग आपलं?"

मला वाटलं, काकी आता त्याची समजूत काढतील. त्यांनी काढली नाही. पोट धरून, एकेक वाक्य थांबत थांबत बोलल्या. "मले नाही माहीत. कधी वाटते, गुडघेच बरे होते, बसलं की थांबत तं होते. हे थांबत नाही. अन् कधी वाटते, आज मी माही गच्ची पाह्यली. दोन्ही खरं हाय, सुदेश. एक खरं म्हनून दुसरं खोटं नाही होत." मग थोडा दम घेऊन म्हणाल्या, "आजपासून मी खोटं बोलनार नाही. तू असं तोंड पाडू नको. मले दुखनं सोसवते, तुहं हे तोंड नाही सोसवत."

अंधार पडायच्या आत काकी उतरल्या. उभ्याने जमेना, म्हणून पायरीवर बसायचं आणि सरकून खालच्या पायरीवर बसायचं असं करत निघाल्या. त्यांच्या पुढे सुदेशही बसून सरकायला लागला, मागे प्रीती, तिच्या मागे मी. चार मोठी माणसं ओळीने जिन्यावरून ढुंगणाने घसरत खाली येताना गल्लीतल्या कोणी पाहिलं असतं तर घरात काही करणी झाली असंच धरलं असतं. अर्ध्या जिन्यात सुदेशला पहिल्यांदा हसू आलं.

त्यानंतर दुकानाची रीत बदलली. काकी उघड सांगायच्या, आज जास्त आहे, आज कमी आहे. जास्त असलं की गादीवरच आडव्या व्हायच्या आणि आडव्या होऊनच भाव करायच्या. आडव्या बाईशी घासाघीस करायला गिऱ्हाईक अवघडायचं, त्यामुळे धंद्याला उलट बरंच झालं. सुदेशने आईच्या ऑपरेशनची जाहिरात बंद केली. कोणी विचारलंच तर म्हणायचा, गुडघे बरे झाले, पोट दुखतं, विचार करून करा. आणि कंबरेचं, पाठीचं, जुन्या फ्रॅक्चरचं दुखणं असलेल्या बायका काही न घेता नुसत्या येऊन काकींजवळ बसायला लागल्या. काकी त्यांना उपाय सांगायच्या नाहीत. ऐकून घ्यायच्या आणि मग म्हशीचा विनोद काढायच्या.

मला रिसोड तालुक्यात, घराजवळच्या शाळेत जागा मिळाली तेव्हा मी आनंदाने रडले आणि काकींना सांगायचं म्हणून पुन्हा रडले. निघायच्या दिवशी त्या आणि प्रीती मला पोचवायला एसटी स्टँडवर आल्या. बस लागली. काकी म्हणाल्या, तुझी जागा कशी आहे ते पाहते, आणि दांडा धरून चढल्या. एसटीची पायरी त्यांनी कित्येक वर्षांत ओलांडली नव्हती. माझ्या शेजारी बसून त्यांनी सीट दाबून पाहिली, खिडकी उघडून पाहिली, आणि ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मी घाबरून त्यांना उतरायला सांगायला लागले. त्यांनी खिडकीतून प्रीतीला हाक मारली, "मी मंगरूळपीरहून परत येतो. सुदेशले सांग." प्रीती तोंड उघडं टाकून हात हलवत राहिली.

कंडक्टरने तिकीट दिलं. काकींनी ते डोळ्यांजवळ नेलं आणि अर्धं का दिलं म्हणून विचारलं. बायकांना आता अर्धंच आहे, तो म्हणाला.

"मले वाटलं, मले पाहून देलं," काकी म्हणाल्या.

त्यांनी मग मागच्या-पुढच्या सीटवाल्यांना आपण आधी किती होतो ते हातांनी दाखवलं. त्या आधीच्या काकी मावाव्यात म्हणून समोरचा माणूस खरोखरच सरकून बसला. मंगरूळपीर येईपर्यंत निम्मी बस आमच्या ओळखीची झाली होती. पण रस्त्याचे धक्के त्यांना नडत होते, ते मला त्यांच्या पकडीवरून कळत होतं. माझा हात त्यांनी घट्ट धरला होता.

मंगरूळपीरला त्या उतरल्या आणि दोन पावलांवर वाकून उभ्या राहिल्या. मी बॅग तशीच टाकून दारापर्यंत धावले.

"उतरू नको," त्या वर न पाहता म्हणाल्या. "तू उतरली तं मले तुले समजवावं लागन, अन् आता तेवढा दम नाही."

मी उतरले नाही. त्या हळूहळू जाऊन बाकावर बसल्या. शेजारी गाठोडं घेतलेली एक अनोळखी बाई होती. ती काकींच्या पाठीवर हात फिरवायला लागली. बस वळली तेव्हा काकी वाकलेल्याच होत्या, पण त्या बाईला काहीतरी सांगत होत्या आणि ती बाई गाठोड्यावर डोकं टेकून हसत होती.

संध्याकाळी प्रीतीचा फोन आला. काकी दिवस मावळायच्या आत घरी पोचल्या होत्या, जेवल्याही होत्या. पुढचे दोन दिवस मात्र त्या गादीवरून उठल्या नाहीत. त्या दोन दिवसांत आडव्या पडूनच त्यांनी अख्ख्या बाजाराला प्रवासवर्णन ऐकवलं. हल्ली आठवड्यातून एकदा तरी आमचं बोलणं होतं. मी आधी विचारते, की काकी, दुखतंय का.

"दुखते," त्या म्हणतात. "आता पुढचं बोल."

आणि मी पुढचं बोलते.